एकट्याचे पान

‘स्वयंपाक’ हा आपल्या मराठी भाषेतील एक मोठा बोलका शब्द आहे. रोजच्या वापरामुळे त्याच्या अर्थाकडे आपले लक्ष जात नाही. परंतु त्याची फोड करून पाहिली म्हणजे एक गंमत ध्यानात येते. ‘स्वयं’ म्हणजे स्वतः आणि ‘पाक’ म्हणजे शिजविणे. स्वतःचे अन्न स्वतः शिजविणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. सोवळ्याओवळ्याचे कडक नियम पाळणारी माणसे पूर्वी दुसऱ्याच्या हातचे खात नसत. ती स्वतःच्या हातांनी रांधून जेवीत. अशा मनुष्याला ‘स्वयंपाकी’ म्हणत. त्या नियमांमागची शिवाशिवीची कल्पना वाईट होती आणि ती टाकून देणेच योग्य होते. पण पुढे शब्दाचा अर्थही पालटला. आज दुसऱ्यांसाठी रांधणाऱ्याला आपण स्वयंपाकी म्हणतो, आणि घरात आई सर्वांसाठी जे रांधते त्याला स्वयंपाक म्हणतो. शब्दातला ‘स्वयं’ तेवढा मागे राहून गेला आहे. या मागे राहिलेल्या ‘स्वयं’विषयी, मुलांनो, आज तुमच्याशी थोडे बोलावे असे मनात आहे.

अशी एखादी दुपार डोळ्यांपुढे आणा. शाळेला सुट्टी आहे. आईवडील कामावर गेले आहेत, आजीआजोबा गावी आहेत, धाकटे भावंड मावशीकडे राहावयास गेले आहे. घरात तुम्ही एकटे. बाहेर पावसाची झड लागली आहे आणि पोटात कावळे ओरडू लागले आहेत. अशा वेळी बहुतेक मुले काय करतात? डबे उघडून चिवडा, बिस्किटे, फरसाण असे हाताला येईल ते उभ्याउभ्या तोंडात टाकतात. कोणी पाकिटातील शेवया उकळून घेतात. शहरातील कोणी भ्रमणध्वनीवरून बाहेरचे पदार्थ मागवितात. पोट भरते खरे. परंतु आपण जेवलो, असे समाधान वाटत नाही. माझे मत असे आहे की, अशी दुपार ही एक संधी आहे. तिचा उपयोग करून ज्याने स्वतःसाठी चार घास रांधले, त्याला एक असा आनंद सापडतो की जो आयत्या अन्नात कधीच सापडावयाचा नाही.

हा आनंद कसला, ते नीट पाहू. पहिला आनंद निवडीचा. चारचौघांच्या घरात स्वयंपाक हा सर्वांच्या आवडीनिवडींचा मेळ घालून करावा लागतो. वडिलांना तिखट चालत नाही, धाकट्याला वांगे नको असते, आजीला मऊ भात लागतो. एकट्याच्या स्वयंपाकात मात्र एकच आवड सांभाळावयाची असते. लसूण चार पाकळ्या अधिक घालावी की कांदा मुळीच घालू नये, हे ठरविणारे तुम्हीच. दुसरा आनंद निर्भयपणाचा. येथे परीक्षक कोणी नाही. भात जरा गिजका झाला किंवा भाकरीला महाराष्ट्राच्या नकाशाचा आकार आला, तरी हसणारे कोणी नाही. शाळेत चूक झाली की तांबडी रेघ ओढली जाते. येथे चूक गुपचूप खाऊन टाकता येते आणि दुसऱ्या खेपेस सुधारता येते. तिसरा आनंद सर्वांत मोठा. तो म्हणजे, कोरडे पीठ, पाणी, तेल आणि चिमूटभर मसाले यांपासून आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हातांनी अन्न तयार होताना पाहण्याचा.

उदाहरणासाठी आपण पिठले-भात घेऊ. महाराष्ट्रात पिठले ठाऊक नाही असे घर क्वचितच सापडेल. कोकणात ते कुळथाच्या पिठाचे करतात, देशावर हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचे. अवेळी पाहुणा आला तर पिठले, भाजी नसली तर पिठले, प्रवासाहून थकून आलो तरी पिठलेच. एकट्या माणसाचा तर हा जुना सोबती.

प्रथम भात लावावा. अर्धी वाटी तांदूळ दोनतीन पाण्यांनी धुऊन त्यात एक वाटी पाणी व चवीपुरते मीठ घालावे. तांदूळ जुना असेल तर तो पाणी अधिक पितो, नवा असेल तर कमी. म्हणून घरातल्या तांदळाचा स्वभाव आईला विचारून ठेवावा. पाण्याला उकळी आली की आच मंद करून वर झाकण ठेवावे. साध्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते व त्याहून अधिक तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जात असल्यामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, आणि म्हणूनच कुकरमध्ये डाळ लवकर शिजते. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असतो. तेथे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळू लागते आणि साध्या भांड्यात डाळ शिजावयास अधिक वेळ लागतो. विज्ञानाच्या पुस्तकात जे वाचावयाचे, ते येथे झाकणाखाली चाललेले असते! पंधरा मिनिटांनी एक शीत बोटांनी दाबून पाहावे. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण निबंधात किती वेळा लिहितो. ती कोठून आली, हे त्या दिवशी बोटांना कळते.

भात होईपर्यंत पिठल्याकडे वळावे. अर्धी वाटी बेसन अर्ध्या वाटी थंड पाण्यात कालवावे. एकही गुठळी राहू देऊ नये. कढईत दोन लहान चमचे तेल तापत ठेवावे व त्यात मोहरी टाकावी. क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एकाएकी तडतड सुरू होते. मोहरीच्या दाण्यातील ओलाव्याची वाफ होते, ती साल फोडून बाहेर पडते आणि दाणा उडतो. मग जिरे, हिंग, लसूण, हिरवी मिरची, हळद. कच्च्या हिंगाचा उग्र दर्प कित्येकांना सोसवत नाही. पण तोच हिंग गरम तेलात पडला की सारे घर भुकेले होते. मसाल्यांचा सुगंध पाण्यापेक्षा तेलातच अधिक चांगला उतरतो. फोडणीचे सारे मर्म एवढेच आहे. चिरलेला कांदा मऊ झाला की एक वाटी पाणी घालावे, मीठ घालावे, आणि पाणी उकळू लागताच कालविलेले बेसन एका हाताने ओतीत दुसऱ्या हाताने ढवळीत राहावे. पाहता पाहता पातळ पाणी दाट होऊ लागते, कारण पिठातील कण उष्णतेने पाणी शोषून फुगतात. झाकण ठेवून दोनचार वाफा आल्या, पिठाचा कच्चा वास गेला, की वर कोथिंबीर भुरभुरावी. झाले पिठले! या साऱ्यास अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही.

आता खरी कसोटी येते. ते पिठले कढईतूनच चमच्याने खाऊन टाकावे, असा मोह होईल. तसे करू नये. ताट घ्यावे, पाण्याचा तांब्या-भांडे जवळ ठेवावे, भाताची मूद पाडावी, बाजूला लोणच्याची फोड वाढावी आणि बसून सावकाश जेवावे. पाहुणा आला असता आपण जसे पान वाढले असते, तसेच पान आपले आपल्याला वाढावे.

यावर कोणी म्हणेल, “एकट्यासाठी एवढा खटाटोप कशाला?” हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आलो आहे आणि मला तो कधीच पटलेला नाही. तो साधा दिसतो. पण त्याच्या पोटात एक विचित्र समजूत दडलेली आहे. दुसरा कोणी जेवणार असेल तरच स्वयंपाकाला अर्थ, आपण एकटेच असू तर कसेही भागले तरी चालेल, अशी ती समजूत आहे. म्हणजे दुसऱ्याच्या भुकेला मान आहे आणि आपल्या भुकेला नाही!

या समजुतीचा सर्वांत अधिक त्रास कोणी सोसला असेल, तर तो आपल्या घरांतील स्त्रियांनी. तुम्ही आपल्या घरात किंवा शेजारीपाजारी जरा बारकाईने पाहा. चार माणसे जेवावयाची असली म्हणजे जी माउली पोळी-भाजी, आमटी-भात, चटणी-कोशिंबीर यांनी पान भरून टाकते, ती घरात एकटी असली म्हणजे काय जेवते? पुष्कळदा सकाळची उरलेली पोळी आणि चहा. विचारले तर उत्तर ठरलेले असते : “माझ्या एकटीसाठी कुठे करीत बसू?” हे उत्तर ऐकून लोक तिच्या त्यागाचे कौतुक करतात. मला मात्र त्या कौतुकाचे वाईट वाटते. सर्वांना ताजे वाढणाऱ्या हातांनी स्वतः नेहमी शिळे खावे, यात कौतुक करण्यासारखे काय आहे? ज्या घरात एका माणसाची भूक हिशेबातच धरली जात नाही, त्या घरात काहीतरी चुकते आहे, असेच म्हटले पाहिजे.

म्हणून लहानपणीच ही सवय लावून घ्यावी. स्वतःसाठी नीट रांधून जेवणे यात आप्पलपोटेपणा नाही. दुसऱ्याचा घास हिरावून घेतो किंवा दुसऱ्याच्या वाट्याचे खातो, तो आप्पलपोटा. जो आपले पान आपल्या कष्टाने मांडतो, तो कोणावरही भार टाकीत नाही. उलट एकदा स्वतः कांदा चिरून डोळ्यांतून पाणी काढले, एकदा कढईच्या वाफेचा चटका सोसला, एकदा करपलेला तळ राखेने नाहीतर घासणीने घासून काढला, म्हणजे रोज दोन वेळा हे सारे करणाऱ्या व्यक्तीचे मोल आपोआप कळते. मग “आज भाजीत मीठ कमी आहे” असे म्हणताना जीभ थोडी अडखळते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे सोपे असते. पीठ दळून, चाळून, मळून पाहिल्यावर रेघोट्या ओढण्याची हौस पुष्कळ कमी होते.

येथे मुलग्यांना वेगळे चार शब्द सांगितले पाहिजेत. ‘स्वयंपाक हे मुलींचे काम’ असे म्हणणारे लोक अजून आहेत. त्यांना आपल्या जुन्या कथांचा विसर पडला आहे. महाभारतात पांडव अज्ञातवासात असताना गदाधारी भीमाने विराट राजाच्या पाकशाळेत ‘बल्लव’ या नावाने आचाऱ्याचे काम केले. नळ राजा तर पाककलेसाठी इतका प्रसिद्ध होता की, रूप पालटून बाहुक या नावाने वावरत असतानाही त्याच्या हातच्या अन्नाच्या चवीवरून दमयंतीने त्याला ओळखले. आजही मोठमोठ्या कार्यांतील आचारी बहुधा पुरुष असतात. म्हणजे पैशासाठी किंवा कीर्तीसाठी पुरुषाने रांधले तर ते चालते. मात्र घरी, कोणी पाहत नसताना, स्वतःच्या भुकेसाठी रांधावयाचे म्हटले की त्याला संकोच वाटतो! भूक मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. मग ती शमविण्याची विद्या एकानेच का शिकावी? ज्या मुलाला पोहता येत नाही त्याला आपण नदीत उतरू देत नाही. ज्याला दोन घास रांधता येत नाहीत त्याला मात्र खुशाल जगात पाठवितो, हे नवल आहे.

महात्मा गांधींचे उदाहरण या ठिकाणी मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १८८८ साली ते कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे खर्च कमी करावा, या विचाराने पुढे त्यांनी दोन खोल्यांऐवजी एकच खोली घेतली, एक स्टोव्ह विकत आणला आणि सकाळची न्याहारी ते स्वतः करू लागले. ओटची लापशी शिजवावयाची आणि कोकोसाठी पाणी उकळावयाचे, एवढेच काम. त्याला जेमतेम वीस मिनिटे लागत. दुपारी ते बाहेर जेवीत आणि रात्री घरी पाव व कोको घेत. दिवसाचा सारा खर्च सव्वा शिलिंगात भागू लागला. हे सर्व त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आपल्या घरापासून हजारो कोस दूर, थंड प्रदेशात, एका खोलीत एकट्याने राहून लापशी ढवळणारा हा विद्यार्थी दुःखीकष्टी असेल, असे तुम्हांला वाटेल. पण ते सांगतात की, या बदलामुळे आयुष्य नीरस झाले नाही. बाहेरचे वागणे व आतले मन यांचा मेळ बसला आणि अंतःकरण आनंदाने भरून गेले. काटकसर म्हणून धरलेली वाट त्यांना आनंदाकडे घेऊन गेली.

इतक्या दूरच्या काळात जावयास नको. २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे आपल्या देशात टाळेबंदी झाली. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईसारख्या शहरांत एकट्याने राहणाऱ्या पुष्कळ तरुणांच्या खाणावळी एकाएकी बंद पडल्या. खोलीत तांदूळ होते, डाळ होती, शेगडीही होती. पण ज्यांना काहीच येत नव्हते त्यांचे फार हाल झाले. ज्यांना साधी मुगाची खिचडी येत होती, ते निभावून गेले. पदव्या दोघांजवळही होत्या; परंतु त्या दिवसांत खिचडीने जे काम केले, ते पदवीला करता आले नाही.

‘आम्हांला अभ्यासातून वेळ कोठे मिळतो?’ असेही तुम्ही विचाराल. रोज स्वयंपाक करा, असे माझे म्हणणे नाही. शिवाय खाणावळीत जेवू नये, बाहेरचे कधी मागवू नये, असाही माझा हट्ट नाही. ते अन्नही कोणाच्या तरी कष्टानेच तयार झालेले असते. परंतु ज्याला स्वतः रांधता येते तो बाहेरचे आवडीने खातो, आणि ज्याला येत नाही तो नाइलाजाने खातो. यांतला पहिला स्वतंत्र आहे, दुसरा परतंत्र. महिन्यातून एखादी दुपार या स्वातंत्र्यासाठी खर्च करणे, हे काही महाग नाही. फोडणीचे पोहे, ताकातली तांदळाची उकड, मुगाची खिचडी, फोडणीची पोळी, थालीपीठ यांपैकी चारपाच पदार्थ आले तरी पुरे.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अग्नी हा चांगला सेवक आहे, पण त्याच्याशी खेळ चालत नाही. प्रथम काही दिवस वडील माणसे जवळ असतानाच शिका. त्यांची पुरी खात्री पटली आणि त्यांनी परवानगी दिली, तरच एकट्याने शेगडी पेटवा. सैल बाह्यांचे कपडे घालून विस्तवाजवळ जाऊ नका. कढई तापत ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कदापि ओतू नये. पाण्याची एका क्षणात वाफ होऊन जळते तेल चोहीकडे उडते. अशा वेळी शक्य असल्यास शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवावे व तेथून दूर व्हावे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. तो गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. तसा वास आला तर काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर जावे व मोठ्यांना बोलवावे. स्वयंपाकाच्या विद्येत सावधगिरीचा धडा पहिला, फोडणीचा त्यानंतर.

जेवण झाल्यावर ताट घासून ठेवावे, ओटा पुसावा. येथे एकट्याचा स्वयंपाक संपतो. परंतु त्याचा परिणाम एकट्यापुरता राहत नाही. ज्याने आपले पान आपल्या हाताने मांडले, त्याचे लक्ष हळूहळू दुसऱ्यांच्या पानांकडे जाऊ लागते. सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी कोण जेवते, तिच्या वाट्याला काय उरते, हे त्याला दिसू लागते. पूर्वी जे रोज डोळ्यांसमोर असून दिसत नव्हते, ते दिसू लागणे यालाच शिक्षण म्हणतात.

तेव्हा मुलांनो, एखादे दिवशी घरी परत याल तेव्हा आईला आवर्जून विचारा, “आई, आज दुपारी तू एकटी होतीस, तू स्वतःसाठी काय केलेस?” उत्तर जर ‘काही नाही’ असे आले, तर काय करावयाचे ते तुम्हांला आता ठाऊक आहे. अर्धी वाटीऐवजी एक वाटी बेसन घ्या, पाणीही दुप्पट करा, आणि आधी तिचे पान मांडा.